लकव्यानंतर मेंदूतला दाह : औषध शोधण्याआधी ताप, साखर आणि गिळणं बघा

शिफ्टवाली (धागाकर्ती)

मेंदूतला दाह कमी करणारं एखादं औषध सुरू करता येईल का, असं विचारणारे व्यनि (खासगी निरोप) मला सारखे येतात. घरात कुणाला तरी लकव्याचा झटका (स्ट्रोक) येऊन गेलेला असतो, मुलगा किंवा सून रात्रभर मोबाइलवर वाचत बसलेली असते, आणि सकाळी राउंडला आलेल्या डॉक्टरांना नक्की काय विचारायचं ते सुचत नाही. प्रत्येकाला तुटक उत्तर देण्यापेक्षा इथे सविस्तर लिहिते. मी नर्स आहे, डॉक्टर नाही. नोकरीची बरीच वर्षं न्यूरोच्या वॉर्डात आणि स्ट्रोक युनिटमध्ये गेली. औषधांचे निर्णय तुमच्या न्यूरॉलॉजिस्टचेच. पण रुग्णाच्या उशाशी काय घडतं आणि काय घडायला हवं, हे मी खात्रीने सांगू शकते.

आधी आत काय होतं ते. गुठळीने मेंदूची धमनी बंद झाली की तिच्या पलीकडचा गाभा थोड्याच वेळात मरतो. मोठी धमनी असेल तर दर मिनिटाला साधारण १९ लाख चेतापेशी जातात, असा अंदाज २००६ साली मांडला गेला आणि तो आजही सांगितला जातो. गाभ्याभोवतीचा भाग मात्र अर्धमेला असतो, वाचू शकणारा. मरणाऱ्या पेशींतून जी द्रव्यं बाहेर पडतात त्यांनी मेंदूतल्या राखणदार पेशी, म्हणजे मायक्रोग्लिया, जाग्या होतात. त्या इंटरल्यूकिन-१, टीएनएफ अशी रसायनं सोडतात. रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर चिकट होतं, रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे अडकून आत घुसतात, रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा सैल होतो. सुरुवातीचे तास आणि दिवस हा सगळा प्रकार त्या अर्धमेल्या भागाचं आणखी नुकसान करतो.

पण पुढच्या दिवसांत हीच यंत्रणा मेलेल्या ऊती साफ करते, नव्या रक्तवाहिन्या फुटायला आणि तुटलेल्या जोडण्या नव्याने बसायला मदत करते. दाह सरसकट बंद करायचा म्हटलं तर दुरुस्तीही बंद पडायची. शिवाय मोठ्या स्ट्रोकनंतर बाकी शरीराची प्रतिकारशक्ती काही दिवस ढासळते, म्हणून या रुग्णांना न्यूमोनिया पटकन गाठतो. डोक्यात प्रतिकारयंत्रणा पेटलेली आणि छातीत ती थंडावलेली, अशा अवस्थेत ती औषधाने आणखी दाबायची का, हा सोपा प्रश्न नाही.

किती अवघड आहे ते एन्लिमोमॅबच्या चाचणीत दिसलं. पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीच्या अस्तराला चिकटूच द्यायचं नाही, असं काम करणारी ही अँटीबॉडी. प्राण्यांत कल्पना छान चालली होती. ६२५ रुग्णांवरच्या चाचणीचे निकाल २००१ मध्ये छापून आले. औषध मिळालेल्यांपैकी २२.२ टक्के ९० दिवसांत दगावले, न मिळालेल्यांपैकी १६.२ टक्के. संसर्ग आणि ताप औषधाच्या गटातच जास्त. अँटीबॉडी उंदराच्या प्रथिनाची होती, त्यामुळे शरीर तिच्याविरुद्धच उठलं असावं, असं मानलं जातं. दाह कमी करायला दिलेल्या औषधाने ताप आणला, ही गोष्ट माझ्या डोक्यातून कधी जात नाही. पुढे मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये वापरतात ते नॅटालिझुमॅब दोन चाचण्यांत वापरून पाहिलं, फायदा दिसला नाही. मँचेस्टरच्या संशोधकांनी इंटरल्यूकिन-१ अडवणारं अनाकिन्रा ८० रुग्णांच्या चाचणीत तपासलं (२०१८). रक्तातली दाहाची चिन्हं स्पष्ट उतरली, पण रुग्ण त्यामुळे जास्त बरे झाले असं दिसलं नाही.

आता दुसरी चाचणी सांगते, जी माझ्या मते स्ट्रोकच्या घरातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवी. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या १९ स्ट्रोक युनिट्समध्ये ती झाली, निकाल २०११ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. नवीन औषध एकही नव्हतं. काही युनिट्समधल्या नर्सेसना पहिल्या तीन दिवसांसाठी तीन गोष्टी काटेकोर करायला शिकवलं. ताप चार-चार तासांनी बघायचा आणि ३७.५ अंश सेल्सियसला पोचला की पॅरासिटामॉल द्यायचं. रक्तातली साखर बघायची आणि वाढली की उपचार करायचा. आणि गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय तोंडाने काही जाऊ द्यायचं नाही. ९० दिवसांनी मृत्यू किंवा परावलंबित्व ५८ टक्क्यांऐवजी ४२ टक्क्यांत दिसलं. अगदी साध्या नर्सिंगने १५-१६ टक्क्यांचा फरक! दाहाविरुद्धच्या कुठल्याही इंजेक्शनने आजवर इतका फरक दाखवलेला नाही.

आणि या तिन्ही गोष्टींचा दाहाशी थेट संबंध आहे. तापलेल्या मेंदूत पेशींची ऑक्सिजनची भूक वाढते आणि तो पडदा आणखी सैल होतो. वाढलेली साखर अर्धमेल्या भागात आम्ल साठवते. न्यूमोनिया झाला की छातीतून निघालेली दाहाची रसायनं रक्तावाटे मेंदूपर्यंत पोचतात.

गिळण्याबद्दल थोडं जास्त लिहिते. संध्याकाळची भेटीची वेळ. आजोबा सपाट झोपलेले, तोंड एका बाजूला ओढलेलं. घरून कुणीतरी शहाळं आणलेलं असतं. “दोन दिवस पोटात काही नाही हो,” म्हणत स्टीलच्या चमच्याने दोन-चार चमचे ओठांच्या फटीतून सोडले जातात. आजोबांना ठसकाही लागत नाही, म्हणून सगळ्यांना वाटतं गेलं व्यवस्थित. त्यानंतर ते “हं” म्हणाले तर आवाजात घुरघुर येते, घशात पाणी साठल्यासारखी. दुसऱ्या दिवशी ताप १०१, श्वास वाढलेला, एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात डाग. माया होती म्हणूनच तो चमचा पुढे आला, हे मला कळतं, आणि म्हणूनच हे पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं. घशाची संवेदना गेलेली असेल तर पाणी श्वासनलिकेत जाऊनही खोकला येत नाही. गंगाजल, तुळशीचं पाणी, चहात बुडवलेलं बिस्किट, काहीही असो, “गिळण्याची टेस्ट झाली का?” हे सिस्टरना विचारल्याशिवाय नको.

तेव्हा नातेवाइकांनी पहिल्या तीन दिवसांत विचारायचं ते एवढंच: ताप शेवटचा कधी बघितला, किती होता? (आपल्याकडे फॅरेनहाइट चालतं, ३७.५ म्हणजे ९९.५. “९९ पॉइंट काहीतरी आहे, ताप नाही” असं ऐकलं तर नम्रपणे पुन्हा विचारा.) साखर किती? गिळणं तपासलं का? तोंड कधी साफ केलं? लघवीच्या नळीची अजून गरज आहे का? यातला एकही प्रश्न उद्धट नाही. चांगल्या सिस्टरला असे नातेवाईक आवडतात.

---

कृष्णाकाठ

ताई, धागा अगदी वेळेवर आला. माझे मोठे बंधू परवापासून आयसीयूत आहेत. डॉक्टर म्हणाले “मेंदूला सूज आहे, मॅनिटॉल चालू केलंय, ४८ तास सांगता येत नाही.” ही सूज म्हणजेच तुम्ही लिहिलेला दाह का? आणि कवटीचं हाड काढावं लागेल असंही बोलले. घरात सगळे हादरलेत.

न्यूरोवाला

कृष्णाकाठ, तुमच्या बंधूंसाठी मनापासून शुभेच्छा. मी न्यूरॉलॉजिस्ट आहे, त्यांना न तपासता जेवढं बोलता येईल तेवढं बोलतो.

दाह आणि सूज हातात हात घालून येतात, पण एकच नाहीत. तुमचे डॉक्टर जी सूज म्हणतायत ती म्हणजे मेंदूत साठलेलं पाणी. मेलेला भाग पाणी धरतो, कवटी ताणता येत नाही, आतला दाब वाढतो. मोठ्या स्ट्रोकमध्ये ही सूज साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवसात सर्वांत जास्त असते. मॅनिटॉल काही काळ पाणी ओढून घेतं, दाहावर ते काही करत नाही.

हाड काढण्याबद्दल घाबरू नका, पण उशीरही करू नका. युरोपातल्या तीन चाचण्यांचे आकडे २००७ मध्ये एकत्र केले गेले. ६० वर्षांपर्यंतचे रुग्ण, मधल्या मोठ्या धमनीचा प्रचंड स्ट्रोक, ४८ तासांच्या आत शस्त्रक्रिया. वर्षभराने शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७८ टक्के जिवंत होते, न झालेल्यांपैकी २९ टक्के. वाचलेल्यांत अपंगत्व राहतं, कधी बरंच राहतं, हे स्पष्ट विचारून घ्या. वय आणि कुठली बाजू हेही विचारा. पण “बघू सकाळी” असं म्हणत रात्र घालवू नका. संमतीपत्रावर सही कोण करणार, ते घरात आत्ताच ठरवून ठेवा.

कृष्णाकाठ

धन्यवाद डॉक्टर. वय ५४ आहे, उजवी बाजू मेंदूची. वहिनी आणि मी, दोघंही इथेच आहोत. आत्ताच सर्जनना भेटायला जातोय.

हिरवाचाफा

शिफ्टवाली ताई, खूप छान लिहिलंत. एक भाबडा प्रश्न. सासूबाई रोज हळदीचं दूध द्यायचा आग्रह धरतात, हळद सूज उतरवते म्हणून. सासरे आता घरी आलेत, तोंडाने खातात. द्यावं का?

शिफ्टवाली

चाफा, गिळणं तपासून “सगळं खाऊ शकतात” असं सांगितलं असेल तर स्वयंपाकातल्याइतकी हळद घातलेलं दूध खुशाल द्या, सासूबाईंनाही बरं वाटेल. मधुमेह असेल तर त्यात गूळ-साखर नको. फक्त त्याने मेंदूतला दाह उतरेल ही अपेक्षा ठेवू नका. हळदीतलं कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फारच कमी पोचतं. बाजारातल्या कर्क्युमिनच्या जास्त ताकदीच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना न विचारता नकोत. सासऱ्यांना रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणार.

मुळामुठा

माझ्या मावशीला टीबी मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणाचा क्षयरोग) झाला होता. तेव्हा डेक्सामेथासोन दिलं आणि त्यानेच ती वाचली असं डॉक्टर म्हणाले. मेंदूच्या दाहावर स्टिरॉइड चालतं हे सिद्धच आहे ना? मग स्ट्रोकमध्ये का देत नाहीत?

न्यूरोवाला

फार योग्य प्रश्न. टीबी मेनिंजायटिसमध्ये डेक्सामेथासोनने मृत्यू कमी होतात, हे व्हिएतनाममधल्या चाचणीने २००४ मध्ये दाखवलं. पण तिथे दाह हाच मुख्य आजार असतो, जंतूंविरुद्ध चाललेला, आठवडेच्या आठवडे टिकणारा. स्ट्रोकमध्ये मुख्य आजार म्हणजे बंद धमनी. दाह मागून येतो आणि त्यात दुरुस्तीही मिसळलेली असते. पूर्वी स्ट्रोकमध्ये स्टिरॉइड भरपूर दिली गेली. फायदा दिसला नाही, साखर आणि संसर्ग वाढले, म्हणून मार्गदर्शक सूचनांमध्ये ‘देऊ नका’ असं आलं.

विषय मिटलेला नाही, हेही सांगतो. २०२४ मध्ये चीनमधली १,६८० रुग्णांची मार्व्हल चाचणी आली. मोठी धमनी बंद, कॅथेटरने गुठळी काढलेली, आणि सोबत तीन दिवस कमी डोसचं मिथाइलप्रेडनिसोलोन. अपंगत्वाच्या मुख्य मोजमापात फरक सिद्ध झाला नाही. पण मृत्यू २८.५ वरून २३.२ टक्क्यांवर आले आणि मेंदूतला रक्तस्रावही कमी झाला. ज्यांची धमनी उघडली आहे अशांनाच, थोडे दिवस, कमी डोस, असं काही पुढे ठरू शकेल. आज मात्र “स्टिरॉइड द्याच” असा आग्रह नातेवाइकांनी धरू नये.

शंकासूर

धागा आवडला, पण सूर मला जरा जास्तच निराश वाटतोय. सगळी औषधं फेल, फक्त थर्मामीटर पास, असं चित्र उभं राहतं. एडारावोन जपानमध्ये २००१ पासून स्ट्रोकसाठी मान्य आहे. त्यात डेक्सबॉर्निओल मिसळलेलं औषध चीनमध्ये ११६५ रुग्णांवर तपासलं, २०२१ चा पेपर आहे. ९० दिवसांनी जवळपास पूर्ण बरे झालेले ६७ टक्के, नुसत्या एडारावोनवर ५९. आणि मिनोसायक्लिन? स्वस्त, जुनी, मेंदूत पोचणारी गोळी. फेब्रुवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या परिषदेत चीनच्या चाचणीचे निकाल मांडले गेले, १७०० वर रुग्ण. चांगले बरे झालेले ५२.६ विरुद्ध ४७.४. हे लोकांना सांगायला नको?

न्यूरोवाला

सांगायलाच हवं, आणि तुम्ही आकडे नीट दिलेत. मलाही मिनोसायक्लिनबद्दल आशा आहे. मायक्रोग्लियाला शांत करणारं औषध म्हणून त्याच्याकडे वीस वर्षं लक्ष आहे, आणि पाच टक्के गुणांचा फरक स्ट्रोकमध्ये लहान नसतो. पण दोन्ही चाचण्या एकाच देशातल्या. आपल्याकडचा रुग्ण कसा येतो बघा: साखर २८०, बीपीची गोळी सोडलेली, पहाटे झटका आला आणि तालुक्याहून दुपारी पोचला. त्याच्यातही तेवढाच फायदा दिसतो का, ते दुसऱ्या देशांत पडताळायला हवं.

२००६ मध्ये कुणीतरी चिकाटीने मोजदाद केली होती. तोवर स्ट्रोकवर प्रयोगात वापरलेले १,०२६ उपचार निघाले. प्राण्यांत त्यातले बरेच चालले, माणसांत चेतापेशी वाचवणारं एकही निर्विवाद ठरलं नाही. प्रयोगशाळेतला उंदीर तरुण असतो, निरोगी असतो, आणि त्याला औषध अगदी सुरुवातीलाच मिळतं. म्हणून एका चांगल्या निकालावर मी उडी मारत नाही.

शंकासूर

हे पटलं. तरी चौकशी करायला काय हरकत? सिटिकोलिन तर प्रत्येक डिस्चार्ज कार्डावर असतं, ते कुठे सिद्ध झालंय?

न्यूरोवाला

नाही झालेलं. २,२९८ रुग्णांच्या चाचणीत (२०१२) फायदा दिसला नाही. फार अपाय करत नाही म्हणून लिहिलं जातं. महिन्याचं बजेट तुटपुंजं असेल तर माझ्या मते ते पैसे फिजिओथेरपी, बीपीच्या गोळ्या आणि स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) यांकडे वळवावेत. पण लिहून दिलेली गोळी परस्पर बंद करू नका, तुमच्या डॉक्टरांशी बोलून मग ठरवा.

ब्रिस्बेनकर

इथे ऑस्ट्रेलियात स्ट्रोक झालेल्यांच्या गटांमध्ये एटानरसेप्टची फार चर्चा असते. टीएनएफ अडवणारं, संधिवातावरचं इंजेक्शन, ते मानेच्या मणक्याजवळ देऊन रुग्णाला थोडा वेळ उलटं तिरकं ठेवतात. अमेरिकेत फ्लोरिडाला जाऊन लोक प्रचंड पैसे मोजतात. व्हिडिओत दिसतं की काही मिनिटांत हात वर जातो, बोलणं सुटतं. माझ्या मेव्हण्यांना चार वर्षांपूर्वी स्ट्रोक झाला, डावा हात अजून वळलेला आहे. बहीण घरावर कर्ज काढायच्या विचारात आहे. कुणाला माहिती आहे का?

शिफ्टवाली

दादा, बहिणीला कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी थांबवा. अमेरिकेतल्या न्यूरॉलॉजिस्टांच्या अकादमीने २०१६ मध्येच यावर सूचना काढली: फायदा होतो की नाही हे ठरवायला पुरावा अपुरा, अपायाची शक्यता आणि खर्च मोठा, हे रुग्णांना सांगा. त्यानंतर तुमच्याच ऑस्ट्रेलियात आणि न्यूझीलंडमध्ये १२६ जणांची व्यवस्थित चाचणी झाली. निम्म्यांना औषध, निम्म्यांना खोटं इंजेक्शन, कुणाला काय ते कुणालाच ठाऊक नाही. २८ दिवसांनी जीवनमान सुधारलं असं औषधाच्या गटात ५३ टक्क्यांत दिसलं आणि खोट्या इंजेक्शनच्या गटात ५८ टक्क्यांत.

खोटं इंजेक्शन घेऊनही निम्म्याहून जास्त लोक सुधारले, त्यात त्या व्हिडिओंचं उत्तर आहे. आशा, प्रवास, सगळ्या घराचं लक्ष, त्या दिवशी केलेला जिवापाड प्रयत्न, या सगळ्याने माणूस खरंच थोडा जास्त हलतो. मेव्हण्यांच्या हाताबद्दल विचाराल तर वळलेल्या स्नायूंसाठी बोटॉक्स आणि त्याबरोबर रोजचा व्यायाम, हे तिथल्या पुनर्वसन केंद्रात विचारा. त्याने कडकपणा कमी होतो आणि हात धुणं, बाही घालणं सोपं होतं.

ब्रिस्बेनकर

हे आकडे मला माहीत नव्हते. आज रात्रीच बहिणीशी बोलतो. मनापासून आभार.

फिजिओ_वऱ्हाडची

फिजिओथेरपिस्ट म्हणून दोन शब्द. “लवकर उठवा, लवकर चालवा” हे आम्हीच लोकांना शिकवलं, पण त्यालाही मर्यादा आहे. २०१५ मध्ये २,१०४ रुग्णांची अव्हर्ट चाचणी आली. पहिल्या २४ तासांतच जास्त वेळा आणि जास्त वेळ उभं केलेल्यांचा निकाल उलट थोडा वाईट आला. त्यामुळे पहिल्या दिवशी पेशंट झोपलेला दिसला तर फिजिओवर ओरडू नका. नंतर मात्र थोडं-थोडं, दिवसातून बऱ्याचदा.

दुसरं, आपल्या देशातलं. घरच्यांना शिकवून त्यांच्याकडूनच व्यायाम करून घेतला तर चालेल का, हे बघायला भारतातल्या १४ हॉस्पिटलांत १,२५० रुग्णांवर अटेंड चाचणी झाली (२०१७). नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत सहा महिन्यांनी फरक आला नाही. मी एखादं व्रत असावं तशी भक्तिभावाने काम करणारी कुटुंबं पाहिली आहेत, त्यामुळे हा निकाल मला लागला. पण माझा अर्थ असा: घरच्यांचं प्रेम प्रशिक्षित थेरपिस्टची जागा घेऊ शकत नाही. आठवड्यातून एक-दोनदा का होईना, शिकलेल्या माणसाची नजर त्या हातापायावर पडू द्या.

आणि एक विनंती. आमच्याकडे अजून कबुतराचं रक्त चोळायला नेतात. त्यात पहिले मोलाचे तास जातात. तोंड वाकडं, हात गळाला, बोलणं अडखळलं की १०८. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन बहुतेकांना साडेचार तासांच्या आतच देता येतं. धमनी वेळेत उघडली तर मेंदू कमी मरतो, आणि मग दाहही तेवढाच कमी.

पणजीची

आमची आई गेल्या पावसाळ्यापासून अंथरुणाला. डावी बाजू बरीच सुधारली होती. मागच्या आठवड्यात अचानक हात पुन्हा पडला, बोलणं जड झालं. आम्हाला वाटलं दुसरा स्ट्रोक. स्कॅनमध्ये नवीन काही नाही, लघवीचा संसर्ग निघाला, अँटिबायोटिकवर हात परत आला. असं होतं का? डॉक्टर घाईत होते, नीट विचारता आलं नाही.

शिफ्टवाली

होतं, आणि तुम्ही अगदी बरोबर वागलात. ताप, लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, सोडियम कमी होणं, नीट झोप न होणं, यांनी बरी झालेली जुनी लक्षणं पुन्हा डोकं वर काढतात. ज्या वाटा मेंदूने मोठ्या कष्टाने नव्याने बांधलेल्या असतात त्या शरीरातल्या दाहाने तात्पुरत्या दबतात, मूळ कारण गेलं की परत चालू होतात. पण घरी बसून “लघवीचंच असेल” असं ठरवायचं नाही. लक्षणं परत आली की दर वेळी नवा स्ट्रोक समजून हॉस्पिटल गाठायचं, स्कॅनने काय ते ठरेल.

आईला लघवीची नळी अजून असेल तर ती काढता येईल का ते विचारा. पाणी पुरेसं जातंय का बघा. आणि आई हल्ली गप्प-गप्प असते का, जेवण टाकते का, हेही. स्ट्रोकनंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं, त्यावर उपचार आहेत, आणि ते गेलं की व्यायामाला माणूस स्वतःहून हात पुढे करतो.

पणजीची

नळी आहे, सुरुवातीपासून तीच सवय झालीय आम्हाला. उद्याच विचारते. गप्प असते हेही खरं.

कृष्णाकाठ

कळवायचं राहिलं होतं. भावाचं ऑपरेशन त्याच रात्री झालं. आता डोळे उघडतो, उजव्या हाताने वहिनीचा हात धरतो. डावी बाजू अजून नाही. पुढच्या आठवड्यात नाकातल्या नळीसकट घरी सोडणार म्हणतात. ताई, तुमचे पाच प्रश्न मी रोज विचारले. एका रात्री ताप १००.२ होता, सिस्टरनी लगेच गोळी नळीतून दिली. आता घरी नळीतून जेवण द्यायचं म्हणजे भीती वाटते. काय सांभाळायचं?

शिफ्टवाली

वाचून फार फार बरं वाटलं. वहिनींना माझा नमस्कार सांगा.

सोडण्याआधी सिस्टरसमोर दोघांनीही स्वतःच्या हाताने निदान एकेकदा फीड देऊन बघा, नुसतं बघून घरी जाऊ नका. देताना डोक्याची बाजू ३० ते ४५ अंश वर, आणि नंतर निदान अर्धा-पाऊण तास तशीच. पलंग वर होत नसेल तर पाठीला गाद्या-लोड लावून बसवा, नुसती मान उशीवर उचलायची नाही. पेज, दूध, डाळीचं पाणी, जे काही असेल ते गाळून आणि कोमट. सिरिंजचा दांडा लावून ढकलायचं नाही, सिरिंज उंच धरून आपोआप उतरू द्यायचं. आधी आणि नंतर थोडं पाणी. मध्येच खोकला, धाप, ओठ निळसर असं काही वाटलं तर तिथेच थांबायचं.

तोंडाने काही खात नसला तरी तोंड दोनदा स्वच्छ करायचं, ओल्या गॉजने दात, जीभ, गालाच्या आतून. न वापरलेल्या तोंडातच जंतू जास्त साठतात आणि तीच लाळ छातीत उतरते. कवटीचं हाड काढलेल्या बाजूवर झोपवायचं नाही, तिथे दाब येऊ द्यायचा नाही. घरी थर्मामीटर ठेवा, ९९.५ च्या वर गेला की वहीत वेळेसकट लिहा आणि डॉक्टरांना कळवा.

आणि नळी नाकपुडीशी जिथे टेकते तिथे डिस्चार्जच्या दिवशीच सिस्टरकडून पेनाने खूण करून घ्या. दर फीडच्या आधी ती खूण बघायची. सरकलेली दिसली तर आपण आत ढकलायची नाही, फीड द्यायचं नाही, वॉर्डला फोन करायचा.